संहितेमागचा जुळारी

‘क्रिटिसिझम अँड आयडिऑलॉजी’ (१९७६) या ग्रंथात टेरी ईगल्टन यांनी साहित्याच्या उत्पादनपद्धतीचा प्रश्न मांडला. मात्र त्यावरील पुढील चर्चा बव्हंशी अमूर्त संकल्पनांतच रमली. छापखान्यात तोच प्रश्न हातघाईवर आला होता. पत्रकाराने टंकित केलेला मजकूर थेट संगणकात जावा, की मुद्रक-संघटनेच्या जुळाऱ्यानेच तो पुन्हा टंकित करावा? या वादात १ डिसेंबर १९७८ पासून लंडनच्या ‘टाइम्स’ला जवळजवळ वर्षभर टाळे लागले. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ही थांबले आणि ती पोकळी भरण्यासाठी ऑक्टोबर १९७९ मध्ये ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’ निघाले. समीक्षेचे एक मान्यवर व्यासपीठ टाळेबंदीतून जन्मले, ही बाब वाङ्मयेतिहासाने तळटीपेत ढकलावी हे खटकते. १९८६ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांनी छपाई वॉपिंगला हलवली. ५,००० हून अधिक कामगार बडतर्फ झाले.

ग्रंथप्रकाशनातील बदल मात्र निमूटपणे झाला. संस्थेतील मुद्रितशोधक घरून, कामागणिक मोबदल्यावर काम करू लागले. पुढे जुळणी चेन्नई-पुदुच्चेरीकडे आली. ‘लेखकाच्या मृत्यू’वरील कितीतरी इंग्रजी विवेचने आता तेथेच जुळवली जातात. त्यांचा पहिला सूक्ष्म वाचक अनेकदा तेथील मुद्रितशोधक असतो. ग्रंथाच्या मुद्रणनोंदीत मात्र बहुधा कंपनीचेच नाव येते.