खरेदीखतातील गद्य

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपले समीक्षक लीळाचरित्रापासून निघतात, बखरींपाशी घटकाभर विसावतात आणि तडक अव्वल इंग्रजीत येऊन पोचतात. वाटेत जमीनजुमल्याच्या पत्रांची केवढी रास पडलेली असते! मिरासपत्रे, खरेदीखते, वाटणीपत्रे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली. १८९८ पासून त्यांचे २२ खंड निघाले. पण ते निघाले 'साधने' म्हणून, आणि साधनाला वाङ्मयाच्या पंक्तीत पाट कोण मांडणार?

तरीही असले एखादे खरेदीखत नुसते गद्य म्हणून वाचून पाहावे. आरंभी शक आणि संवत्सर. मग देणारा स्वतःच बोलू लागतो. दुष्काळ पडला, वसूल देववेना, कर्ज फिटेना, म्हणून वडिलांचे शेत तुम्हांस दिले. पुढे चतुःसीमा येते : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध. विशेषण शोधूनही सापडू नये! शेवटी घेणाऱ्याने ते शेत 'लेकराचे लेकरी' खावे असे म्हणून देणारा मोकळा होतो.

ही भाषा इतकी सडसडीत का, ह्याचे कारण उघड आहे. पत्र डोळ्यांपेक्षा कानांसाठी होते. ते चार लोकांत वाचून दाखवायचे, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नसायची. कुणबी सही म्हणून नांगराची निशाणी करी. जे त्याच्या कानाला कळले नसते, त्याखाली त्याचा नांगर कसा उमटावा?

मात्र ह्या गद्याच्या साधेपणावर भाळून चालणार नाही. लेखणी देणाऱ्याच्या हाती नसे, ती लिहिणाराच्या हाती असे. पत्राच्या एका ओळीत दुष्काळ आणि कर्ज असते. दुसऱ्या ओळीत हे आपण 'आत्मसंतोषे' दिले, असे असते. पोटात अन्न नाही आणि आत्म्याला संतोष! दुसरी ओळ कायद्याची, पहिली माणसाची. ह्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत जी गोष्ट दडली आहे, ती सांगायला आपल्याकडे पुढे कादंबरी यावी लागली. इतिहासकार ह्या पत्रात सारा आणि भाव शोधील; ती कोरी जागा वाचण्याचे काम टीकाकाराचे आहे, आणि ते त्याने अंगाबाहेर टाकले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि घरोघरची ही पत्रे मुकी झाली. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरून लाल फडक्यातले एखादे बाड खाली येते. कोणालाच वाचता येत नाही, म्हणून ते रद्दीत जाते. वाचकहो, यंदा तेवढे बाड बाजूला ठेवा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचे जाणकार भेटतात. त्यांच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्या, घरातली मुले जवळ बसवून. शेत कधीच गेले असेल; पण ते देताना आपल्या कुणा पूर्वजाने काय सांगितले आणि काय गिळले, हे तरी घरात राहील.