बिमल रॉय प्रॉडक्शन्स : विषयांच्या पलीकडे

बिमल रॉय यांच्या चित्रसंस्थेवर लिहिताना ‘सामाजिक आशय’ हा शब्द वापरला की बहुतेकांचे समाधान होते. कर्जात बुडालेला शेतकरी, अस्पृश्य मुलगी, तुरुंगातली स्त्री अशी विषयांची यादी दिली की लेख संपतो. मला ही दाद अपुरी वाटते. असे विषय त्या काळात हिंदी पडद्यावर अनेकांनी आणले आणि त्यातले पुष्कळ चित्रपट आज बघवत नाहीत. या संस्थेचे चित्रपट टिकले ते त्यांच्या संयमामुळे.

रॉय मुळात छायाचित्रकार. कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये प्रमथेश बरुआंच्या हिंदी ‘देवदास’चा कॅमेरा त्यांनीच हाताळला होता. ती संस्था उताराला लागल्यावर ते मुंबईला आले. हृषीकेश मुखर्जी, नबेंदू घोष, असित सेन ही मंडळीही बरोबर आली. पुढे सलील चौधरी, शैलेंद्र, छायाचित्रकार कमल बोस, कलादिग्दर्शक सुधेंदू रॉय असा ताफा जमला. संस्थेचा पहिला मोठा चित्रपट ‘दो बिघा जमीन’ (१९५३) याच चमूचा : कथा आणि संगीत सलीलदांचे, पटकथा आणि संकलन हृषीदांचे.

जमीनदाराच्या ६५ रुपयांच्या कर्जाचे २३५ होतात आणि शेतकरी शंभू कोलकात्याला जाऊन हातरिक्षा ओढू लागतो. मैत्रिणीच्या रिक्षाला गाठण्यासाठी एक गिऱ्हाईक त्याला पैशाचे आमिष दाखवत पळवते, तो प्रसंग पुन्हा पाहावा. बलराज साहनींचे पाय, चाक, सवारीची खुशी यांत कॅमेरा फिरत राहतो, वेग वाढत जातो आणि चाक निखळते. शोषण म्हणजे काय हे त्या वेळी कोणीही बोलून दाखवत नाही. शेवटी जमीन शंभूला परत मिळत नाही. ती तशी न मिळू देण्याचे धैर्य मला फार मोठे वाटते. १९५४ च्या कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला आणि फिल्मफेअरचा पहिलावहिला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

‘देवदास’ (१९५५) बद्दल थोडक्यात सांगतो : दिलीपकुमार आणि सुचित्रा सेन यांच्यासाठी तो पाहावा, पण शरदबाबूंच्या कादंबरीतल्या नायकाकडे कठोरपणे पाहणे रॉय यांनाही जमले नाही. ‘मधुमती’ (१९५८) ची कथा ऋत्विक घटकांची. तिला फिल्मफेअरची नऊ पारितोषिके मिळाली. पुनर्जन्माची गोष्ट म्हणून तिला हलके लेखणारे तिच्यातला जमीनदार उग्रनारायण विसरतात. शंभूची जमीन बळकावणाऱ्याचाच तो भाऊबंद आहे.

खरा पेच ‘सुजाता’चा (१९५९). नूतन, सुलोचनाबाई, शशिकला, ललिता पवार : चित्रपटातल्या चारही ठळक स्त्रिया मराठी अभिनेत्रींनी साकारल्या, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. सुलोचनाबाईंची चारू घरात वाढवलेल्या अस्पृश्य सुजाताची ओळख ‘मुलीसारखी’ अशी करून देते. त्या एका ‘सारखी’मध्ये घरातली सगळी अस्पृश्यता मावते. सुनील दत्त टेलिफोनवर गात असतो आणि पलीकडे नूतन एक अक्षर बोलत नाही. ते मौन हिंदी चित्रपटातल्या अभिनयाचे शिखर आहे असे मी मानतो.

पण तोडगा काय निघतो? चारूला रक्ताची गरज पडते आणि ते नेमके सुजाताचेच जुळते. म्हणजे आपण माणूस आहोत हे मुलीनेच रक्त देऊन सिद्ध करायचे आणि सवर्ण घराने तेव्हा विरघळायचे. तीनच वर्षांपूर्वी, १९५६ मध्ये, नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली होती. कोणाच्या घरातली मान्यता त्यांनी मागितली नव्हती. त्या घटनेचा आवाज या चित्रपटापर्यंत पोचलेला नाही. ‘दो बिघा जमीन’मध्ये व्यवस्था माणसाच्या चांगुलपणाला जुमानत नाही, ‘सुजाता’त मात्र चांगुलपणा व्यवस्थेवर मात करतो. पहिले खरे आहे, दुसरी इच्छा आहे.

‘बंदिनी’ (१९६३) मध्ये ही उणीव भरून निघते. इथे नायिकेला कोणी पवित्र ठरवत नाही. तिने खून केला आहे. कल्याणी विष कालवते तेव्हा बाहेर लोखंडावर घाव पडत असतात आणि त्या कामाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येऊन जातो. संवाद नाही. घाव, उजेड आणि नूतनचे डोळे एवढ्यावर कमल बोस आणि रॉय यांनी खुनाचा निर्णय उभा केला. तिने शेवटी तिच्यावर प्रेम करणाऱ्या तुरुंगातल्या डॉक्टरला सोडून पूर्वीच्या प्रियकराकडे, आजारी बिकाशकडे जाणे अनेकांना पटत नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही, पण निवड तिची आहे आणि चित्रपट तिची कैफियत मागत नाही.

गुलजारांच्या सुरुवातीच्या चित्रपटगीतांपैकी एक ‘बंदिनी’तले. हृषीदा तर इथूनच दिग्दर्शक म्हणून बाहेर पडले. ‘काबुलीवाला’ आणि ‘उसने कहा था’ या चित्रपटांचे दिग्दर्शन रॉय यांनी हेमेन गुप्ता आणि मोनी भट्टाचार्य यांच्याकडे सोपवले. संस्थेने माणसे घडवली, हा तिच्या चित्रपटांइतकाच मोठा ठेवा. ८ जानेवारी १९६६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, रॉय गेले आणि ही परंपरा तिथेच खुंटली.

२०२५ मध्ये ‘दो बिघा जमीन’ची पुनरुज्जीवित प्रत व्हेनिसला दाखवली गेली. आता ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’च्याही तशाच नितळ प्रती तयार व्हाव्यात, आणि आपल्या शहरांतल्या फिल्म सोसायट्यांनी हे दोन्ही चित्रपट एकाच दिवशी, पाठोपाठ दाखवून त्यावर मोकळी चर्चा घडवावी.