कवटीपासून चेतासंधीपर्यंत : मेंदूविषयक मानसशास्त्रीय आकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

मानसशास्त्र हे वर्तनाचा अभ्यास करणारे शास्त्र असले, तरी त्या वर्तनाचा मेंदूशी संबंध काय, या प्रश्नाला त्याने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ही उत्तरे प्रयोगशाळेपुरती राहिली नाहीत. कोणाला शिकता येईल आणि कोणाला येणार नाही, याविषयीचे निर्णयही त्यांच्या आधारे घेतले गेले. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात घरातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे अनेक विद्यार्थी महाविद्यालयात येतात. अशा विद्यार्थ्याविषयी ‘याला मुळात डोकेच नाही’ हा शेरा सहज उच्चारला जातो. शेरा साधा वाटला, तरी त्यामागे मेंदूविषयीचा एक जुना सिद्धान्त उभा आहे. तो कसा रुजला, कसा ढासळला आणि ढासळूनही कसा टिकून राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजमापाचे युग

फ्रान्झ जोसेफ गॉल (१७५८-१८२८) यांनी मेंदू हे मनाचे इंद्रिय होय, असे प्रतिपादन केले. मनाच्या २७ शक्तींना मेंदूत स्वतंत्र जागा आहेत आणि प्रबळ शक्तीचा उंचवटा कवटीवर उमटतो, असे त्यांचे म्हणणे होते. यातील उंचवट्यांचा भाग निराधार ठरला. परंतु विशिष्ट कार्यांना मेंदूत विशिष्ट जागा असते, या कल्पनेला पुढे पुरावा मिळाला. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तेव्हा डाव्या अग्रखंडात इजा आढळली. मात्र हेच ब्रोका मेंदूच्या आकारावरून मानवसमूहांची बौद्धिक प्रतवारीही लावत होते. एकाच अभ्यासकाच्या हातून भक्कम शोध आणि पूर्वग्रह एकत्र यावेत, ही बाब लक्षणीय आहे.

आल्फ्रेड बिने यांनीही प्रारंभी शाळकरी मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांच्या मापांतील फरक नगण्य असल्याचे दिसताच त्यांनी तो मार्ग सोडला. १९०५ मध्ये सिमोन यांच्या साहाय्याने त्यांनी प्रत्यक्ष कृतींवर आधारित बुद्धिमापन कसोटी तयार केली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी तिचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धी ही न बदलणारी राशी मानू नये, असा इशारा स्वतः बिने यांनी दिला होता. कसोटीचा प्रसार झाला. इशारा मात्र मागे पडला.

बर्लिनमधील १४९ कवट्या

या इतिहासात एका मराठी विदुषीचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून सर्वपरिचित असलेल्या इरावती कर्वे (१९०५-१९७०) १९२८ मध्ये बर्लिन येथील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपीय लोक अधिक तर्कशुद्ध विचार करतात. त्यांच्या मेंदूचा उजवा अग्रखंड मोठा असतो व म्हणून त्यांच्या कवट्या अधिक असममित असतात, असे त्यांचे गृहीतक होते. कर्वे यांनी युरोपीय व युरोपेतर अशा १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. वंश आणि कवटीची असममिती यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि तोच निष्कर्ष त्यांनी प्रबंधात नोंदविला. परक्या देशात, गुण देण्याचा अधिकार असलेल्या मार्गदर्शकाविरुद्ध हे लिहिणे सोपे नव्हते.

पुढे महाराष्ट्रात कर्वे यांनी स्वतः मानवमितीची सर्वेक्षणे केली. यावरून दोष मोजपट्टीचा नसून मोजण्यापूर्वीच ठरविलेल्या निकालाचा असतो, हे स्पष्ट होते.

घडणारा मेंदू

१९१३ नंतर प्रभावी ठरलेल्या वर्तनवादाने मेंदूचा प्रश्नच बाजूला ठेवला. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी तो पुन्हा केंद्रस्थानी आणला. एकत्र क्रियाशील होणाऱ्या चेतापेशींमधील जोडणी दृढ होते, हे त्यांचे प्रतिपादन होते. १९६० च्या दशकात बर्कली येथील प्रयोगांत समृद्ध परिसरात वाढविलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल अधिक जाड झाल्याचे आढळले. एलिनॉर मॅग्वायर यांच्या लंडनच्या टॅक्सीचालकांवरील २०११ च्या अभ्यासात, रस्त्यांची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रशिक्षणाच्या काळात वाढ दिसली. अनुत्तीर्णांत ती दिसली नाही.

मराठी वाचकाला अधिक जवळचा दाखला २०१७ मधील आहे. लखनौजवळील खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचन शिकविण्यात आले. त्यानंतर त्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभाशी असलेला कार्यसंबंध बदललेला आढळला. गट लहान होता, हे मान्य करूनही हा निष्कर्ष बोलका आहे. तिशीतही मेंदू अक्षराला जागा देतो.

नव्या आकलनाची मर्यादा

नवे तंत्र आले म्हणून जुना मोह संपत नाही. २००९ मध्ये काही संशोधकांनी मृत सामन माशाचे एफएमआरआय चित्रण करून, संख्याशास्त्रीय दक्षता न घेतल्यास मृत मेंदूतही ‘क्रियाशीलता’ दिसते, हे दाखवून दिले. व्यक्तीव्यक्तींच्या क्षमतांमधील फरक मेंदूच्या प्रतिमांवरून सांगायचे असतील, तर हजारो व्यक्तींचा नमुना लागतो, असे २०२२ मधील एका व्यापक विश्लेषणातून पुढे आले. तरीही बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने त्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. गॉल यांचे उंचवटे कवटीवरून बोटांवर आले, एवढाच फरक.

दुसरीकडे, मेंदू घडतो म्हणजे कोणीही काहीही होऊ शकतो, असा अर्थ काढणेही अशास्त्रीय होय. घडण्याला वेळ, पोषण, पुस्तके आणि सराव लागतो. ते नसताना केवळ जिद्दीचा उपदेश करणे म्हणजे जुनाच दोष नव्या भाषेत विद्यार्थ्यावर टाकणे होय.

समारोप

मेंदूविषयीचे आकलन स्थिर अवयवाकडून घडत जाणाऱ्या व्यवस्थेकडे सरकले आहे. हा बदल केवळ उपकरणांनी घडविला नाही. आपल्या गृहीतकाविरुद्ध गेलेले माप बिने यांनी स्वीकारले आणि मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध गेलेले माप कर्वे यांनी लिहून ठेवले, या प्रामाणिकपणाचाही त्यात वाटा आहे. ‘डोकेच नाही’ असे म्हटले की शिक्षकाचे काम तेथेच संपते. मेंदू शिकवण्याने घडतो हे मान्य केले, तर ते तेथून सुरू होते. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात मेंदूची आकृती शिकविताना तिच्यामागील हा वादही शिकविला जावा. विद्यार्थ्याविषयीचा शेरा लिहिण्यापूर्वी अध्यापकानेही तो स्वतःला एकदा विचारून पाहावा.