सातांतला एक : गडचिरोलीच्या लकव्याचा शोधनिबंध

'स्ट्रोक' हे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे नियतकालिक. १९७० पासून निघते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार एवढाच त्याचा विषय, आणि जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ ते वाचतात. त्याच्या जुलै २०१५ च्या अंकात गडचिरोलीवर एक निबंध आला. लेखक डॉ. योगेश्वर कालकोंडे, डॉ. अभय बंग आणि 'सर्च' संस्थेतले त्यांचे सहकारी. शीर्षकाचा भावार्थ असा : 'ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण लकवा'. ज्या जिल्ह्याचे नाव बाहेर मलेरिया, कुपोषण आणि नक्षलवाद यांच्याच सोबत घेतले जाते, तिथे सर्वांत जास्त माणसे लकव्याने जातात, असे हा निबंध सांगतो.

मी डॉक्टर नाही. पण शोधनिबंध हाही एक लिखित मजकूर आहे, आणि कादंबरीची समीक्षा होते तशी त्याचीही व्हायला हवी. तो कोणाविषयी बोलतो, कोणाशी बोलतो, काय सिद्ध करतो आणि काय नुसते सुचवतो, हे तपासायला वैद्यकाची पदवी लागत नाही. सावकाश वाचणे आणि थोडे गणित लागते. शिवाय १९८२ साली वेगळा होईपर्यंत गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होता. तिथले मरण आम्हाला परके नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. चंद्रपूर-राजुऱ्याकडे मे महिन्यात 'स्ट्रोक' म्हटले की लोक ऊन लागणे समजतात. शासकीय पत्रकात 'पक्षाघात' असतो, वैद्यांच्या तोंडी 'अर्धांगवायू', आणि गावात 'लकवा मारला' म्हणतात. निबंधातला स्ट्रोक म्हणजे हाच लकवा : मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि शरीराची एक बाजू, वाचा, कधी शुद्ध जाते. या लेखात मी गावाचाच शब्द वापरतो. त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

असा निबंध छापून येण्याआधी त्याच्या हस्तलिखिताला अनेक दारे ओलांडावी लागतात. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि हस्तलिखित कसे असावे याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. आजची शिस्त त्यातूनच वाढली. सारांश ठरावीक खणांत लिहायचा : पार्श्वभूमी व हेतू, पद्धती, हाती आलेले आकडे, निष्कर्ष. शब्दांची मर्यादा पाळायची. नैतिकता समितीची मंजुरी दाखवायची, पैसा कुठून आला ते सांगायचे. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास असेल तर 'स्ट्रोब' नावाची २२ कलमांची यादी समोर ठेवायची. मग संपादक, मग तज्ज्ञ परीक्षक, मग त्यांच्या शंकांना मुद्देसूद उत्तरे. आणि या सगळ्याच्या आधी संपादकाचा एक प्रश्न उभा असतो : यात नवे काय?

या प्रश्नाला महाराष्ट्राने पूर्वीही उत्तर दिले आहे. मुंबईचे डॉ. नोशिर वाडिया आणि डॉ. स्वामी यांचा निबंध १९७१ साली इंग्लंडच्या 'ब्रेन' या नियतकालिकात आला. नऊ कुटुंबांत पिढीजात चालत आलेला, तोल घालवणारा विकार, आणि त्यात डोळ्यांची हालचाल विलक्षण संथ होते, हे त्यांनी दाखवले. पुढे जनुकांचे ज्ञान वाढल्यावर या विकाराला एससीए-२ या प्रकारात जागा मिळाली. तिथले नवेपण डॉक्टरच्या नजरेत होते. रुग्ण समोर बसलेला, आणि इतरांच्या नजरेतून सुटलेले एक लक्षण टिपलेले. गडचिरोलीच्या निबंधात नवे लक्षण एकही नाही. लकवा चरकाला ठाऊक होता. इथे नवे आहे ते मोजणे.

आता आकडे पाहू. ८६ गावे, लोकसंख्या ९४,१५४. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे. या काळात १,५९९ मृत्यू झाले. त्यांतले २२९ लकव्याने. म्हणजे १४.३ टक्के, सातांतला एक. वाचकाने पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे : लोकसंख्येला दोन वर्षांनी गुणले की १,८८,३०८ येतात, २२९ ला त्याने भागून लाखाने गुणले की दर वर्षी लाखामागे १२१.६ मृत्यू. निबंधातला दर नेमका हाच आहे. वयाची रचना प्रमाणित करून घेतल्यावर तो १९१.९ होतो. दर वाढतो, कारण तुलनेसाठी धरलेल्या लोकसंख्येपेक्षा इथली लोकसंख्या तरुण आहे. आपल्याकडे म्हातारे थोडे, म्हणून साधा दर लहान दिसतो. वय जमेस धरले की खरा भार कळतो. भारतात आधी झालेल्या अभ्यासांपेक्षा हा दर जास्त आहे, असे लेखक म्हणतात.

या निबंधाचे पहिले मोल इथे आहे. रुग्णालयाच्या नोंदीवर विसंबले असते तर हे मृत्यू दिसलेच नसते. २२९ पैकी ८७.३ टक्के, म्हणजे २००, घरी झाले. उरलेल्या २९ जणांवरून शहरातल्या कोणी निबंध लिहिला असता, तर 'ग्रामीण भागात लकवा कमी' असा निष्कर्ष सहज निघाला असता. इथे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मृत्यू घडेल तसा नोंदवला. वर्षभराने आठवून सांगितलेली ही माहिती नाही. अशी नोंदवही चालू ठेवायला वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो.

आता दुसरी बाजू. घरी झालेल्या मृत्यूचे कारण ठरवायचे कसे? त्यासाठी जी रीत आहे तिला मराठीत 'मौखिक शवपरीक्षा' म्हणता येईल. घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारायचे : हातपाय अचानक गळाले का, तोंड वाकडे झाले का, बोलणे गेले का, किती दिवस जगले. उत्तरांवरून कारण ठरवायचे. लकव्याच्या बाबतीत ही रीत बऱ्यापैकी चालते, कारण लकवा अचानक येतो आणि सर्वांना दिसतो. छातीत दुखून गेलेल्या माणसाबद्दल घरचे गोंधळतात. लकव्याबद्दल सहसा नाही. गावाच्या शब्दाचे महत्त्व म्हणतो ते हेच. पण मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. गुठळी होती की रक्तस्राव, हे मौखिक शवपरीक्षा सांगू शकत नाही. त्याला सीटी स्कॅन लागतो. मेंदूतली गाठ, जुनी जखम, साखर एकदम उतरणे यांतूनही अंग लुळे पडू शकते. शिवाय ज्या मृत्यूचे लक्षण ठळक, तो आपल्या खणात बिनचूक जातो. ज्याचे पुसट, तो 'वार्धक्य' किंवा 'कारण अज्ञात' मध्ये पडतो. पहिला क्रमांक काही अंशी या ठळकपणानेही मिळतो.

पहिला क्रमांक ही गोष्ट खणांच्या आखणीवरही अवलंबून असते. सगळे कर्करोग एकत्र धरायचे की वेगवेगळे? क्षयाला फुप्फुसाच्या इतर रोगांसोबत बसवायचे की एकटे? खण मोठे केले की क्रम बदलू शकतो. २२९ हा आकडा खणांच्या रेषा हलवल्याने बदलत नाही, 'पहिला' हा शब्द मात्र बदलू शकतो. म्हणून या निबंधातून लक्षात काय ठेवावे, असे कोणी विचारले तर मी 'सातांतला एक' म्हणेन, 'पहिले कारण' म्हणणार नाही.

शीर्षकातल्या 'ग्रामीण गडचिरोली' या शब्दांवर माझा मोठा आक्षेप आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. अभ्यासातली ९४,१५४ म्हणजे तिच्या नऊ टक्क्यांहून किंचित कमी. तीही सर्चच्या जुन्या कार्यक्षेत्रातली. याच क्षेत्रात घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग झाला होता, ज्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला : ३९ गावांत सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी, मिळून ८६. जिथे बाळांचे मृत्यू खूप कमी झाले, तिथे उरलेल्या मृत्यूंत म्हाताऱ्यांच्या आजारांचा वाटा आपोआप वाढतो. हे यशाचेच लक्षण आहे. पण तो वाटा भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या जंगलातल्या गावांना जसाच्या तसा लावता येणार नाही. शीर्षकाने सबंध जिल्ह्याचे नाव घेतले, पुरावा मात्र एका भागाचा आहे. नियतकालिकाच्या दारात आटोपशीर, ठाम शीर्षक चालते, हे मी समजू शकतो. स्ट्रोबच्या पहिल्या कलमाप्रमाणे अभ्यासाचा प्रकारही लेखकांनी उपशीर्षकात सांगितला आहे. तरी ठामपणाची किंमत नकाशावरच्या उरलेल्या गावांना मोजावी लागते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निबंधाच्या निष्कर्षात 'लवकर होणारे मृत्यू जास्त' यावर भर आहे. ४६.३ टक्के, म्हणजे १०६ जण पहिल्या महिन्यात गेले. आकडा भयंकर आहेच. पण मग १२३ जण महिन्यानंतर गेले. हा निम्म्याहून मोठा गट सारांशातल्या वजाबाकीतच राहून जातो. या दोन गटांच्या गरजा एकसारख्या नाहीत. पहिल्या गटासाठी प्रश्न वेळेचा आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. राजुऱ्याहून चंद्रपूर तीसेक किलोमीटर, नागपूर त्याहून दीडशे पुढे. एटापल्लीच्या माणसाचे अंतर तर विचारूच नये. दुसऱ्या गटाला हे इंजेक्शन कामाचे नाही. तो माणूस महिनोन्‌महिने खाटेवर आहे. त्याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. गिळता येत नसताना पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाते, न्यूमोनिया होतो. हातापायांची हालचाल करून घ्यावी लागते. हे सारे घरातली बाई करते, आणि तिला ते कोणी शिकवलेले नसते. १२३ चा आकडा तिच्याविषयी बोलतो. तो निबंधात आहे, पण वाचकाला स्वतः काढावा लागतो.

अर्थात घरी मृत्यू म्हणजे उपचार मिळालेच नाहीत, असे धरू नये. दवाखान्यातून 'आता घरी न्या' म्हणून परत आलेलेही घरीच जातात. आकडा जागा सांगतो, प्रवास सांगत नाही. प्रवास कळायला त्याच नोंदवहीत आणखी दोन रकाने पुरले असते : कुठे कुठे नेले, आणि कधी परत आणले.

मग असा निबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात पाठवणे चूक का? मुळीच नाही. परीक्षकांच्या चाळणीतून गेलेला आकडा मंत्रालयात टिकतो; गावाने ओरडून सांगितलेला टिकत नाही. पण सर्चनेच पूर्वी दुसरी वाटही दाखवली आहे. लॅन्सेटच्या निबंधानंतर २००१ साली 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल मराठीत आला, आणि तो प्रश्न विधिमंडळापासून चावडीपर्यंत बोलला गेला. लकव्यावरच्या निबंधालाही असे मराठी भावंड हवे, ज्यात १२३ घरांच्या गरजांना पहिले पान मिळेल. व्हँकुव्हरच्या नियमांत नुसती माहिती गोळा करणाऱ्याला लेखक म्हणता येत नाही, आभाराची ओळ मिळते. मराठी अहवालाला ते बंधन नाही. ज्या कार्यकर्तीने दारात बसून 'बोलणं कधी गेलं?' विचारले, ती तिथे आपल्या नावाने लिहू शकते.

आणि राजुऱ्याचे काय? आमच्याकडे कोळसा खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, पाळ्यांची नोकरी आहे, वेगळे वय आणि वेगळे कष्ट आहेत. गडचिरोलीचा आकडा इथे उसना वापरता येणार नाही. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आमच्या तालुक्यातली वीस-पंचवीस गावे घ्यावीत, आशाताईंना सोबत घ्यावे, दोन वर्षे नोंदवही चालवावी. जिवंत माणसांचा रक्तदाबही त्याच फेरीत मोजावा, कारण लकव्याचे सर्वांत मोठे टाळता येणारे कारण तेच आहे आणि ते मोजायला स्कॅन लागत नाही. मग हस्तलिखित कुठेही पाठवा. शीर्षकात मात्र जितकी गावे मोजली, तितक्यांचेच नाव घाला.