ठोक्यांची लवचीकता आणि विचारांची

काही महिन्यांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत बोलायला गेलो होतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी आठवीतल्या एका मुलीला पुढे बोलावले, तिच्या बोटाला चिमटा लावून नाडीचा आलेख पडद्यावर दाखवला आणि सांगितले, “ज्याचे ठोके लवचीक, त्याचे विचार लवचीक.” तिचा आलेख बराच सपाट होता. तेव्हा हिला गणितातली नवी रीत पटकन पचनी पडत नसणार, असेही त्यांनी सांगून टाकले. मुलगी मान खाली घालून उभी होती. या विधानामागे खरे संशोधन आहे, म्हणूनच ते नीट तपासायला हवे.

आधी त्यातला पक्का भाग पाहू. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पेशींचा एक लहानसा समूह असतो. मेंदूकडून काहीही आदेश आला नाही, तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. विश्रांतीत आपली नाडी ७०च्या आसपास असते, कारण व्हेगस नावाची चेता त्याला सतत लगाम घालते. (हा लगाम रासायनिक असतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवले.) श्वास घेताना तो सैल होतो आणि ठोके जलद पडतात, सोडताना आवळला जातो आणि ठोके मंदावतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश, खोल श्वास घेऊन पाहा. दोन ठोक्यांमधले अंतर असे कमीजास्त होते, त्याला आपण हृदयगतीचे विचलन म्हणू.

ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन यांनी २००० साली एक मांडणी केली. मेंदूचा कपाळामागचा भाग भीती, चीड अशा आवेगांना आवर घालतो, आणि याच जाळ्याचे धागे मेंदूच्या देठातून व्हेगसपर्यंत पोचतात. म्हणून विचलन जास्त असेल तर कपाळामागचा भाग आपले काम चांगले करतो आहे, असे मानता येईल. कल्पना सुंदर आहे आणि तिला शरीररचनेचा आधारही आहे.

विचारांची लवचीकता मोजायची एक जुनी चाचणी ग्रँट आणि बर्ग यांनी १९४८ साली दिली. पत्ते रंग, आकार की संख्या यांपैकी कशावरून जुळवायचे हे सांगत नाहीत, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतात. नियम सापडला, सलग दहा उत्तरे बरोबर आली, की तो गुपचूप बदलतात. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ साली दाखवले, की शस्त्रक्रियेत कपाळामागचा काही भाग काढलेले रुग्ण ‘चूक, चूक’ ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहतात.

या दोन गोष्टी जोडणे मोहाचे आहे. पण ज्या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो, तो हान्सेन, योन्सेन आणि थेयर यांचा २००३ सालचा. नॉर्वेच्या नौदलातील ५३ पुरुष खलाशी, जास्त विचलनाचे आणि कमी विचलनाचे असे दोन गट. पहिल्या गटाने अवधान आणि कार्यकारी स्मृतीच्या चाचण्यांत सरस कामगिरी केली. यात नियम बदलल्यावर विचार बदलण्याची परीक्षा कुठे आहे? शिवाय विचलनाची पट्टी सलग असते, तिचे मधोमध दोन तुकडे केले की सीमेवरचे दोन जवळजवळ सारखे खलाशी विरुद्ध गटांत जातात. तेही सगळे पुरुष, तरुण, निवडून घेतलेले. त्यांच्यावरून आठवीच्या वर्गाबद्दल काय सांगणार?

पुढच्याच वर्षी या गटाने व्यायामाचा प्रयोग केला. आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर काहींनी व्यायाम चालू ठेवला, काहींनी सोडला. चालू ठेवणारे कठीण चाचण्यांत पुढे राहिले. हा प्रयोग मला अधिक वजनदार वाटतो, कारण इथे काहीतरी बदलून पाहिले आहे. पण व्यायाम हृदयावर आणि मेंदूवर स्वतंत्रपणे परिणाम करू शकतो. मळ्यातल्या विहिरीला पाणी वाढले आणि ओढ्यालाही वाढले, म्हणून विहीर ओढा भरते असे कोणी म्हणत नाही. पाऊस दोघांवरही पडलेला असतो.

आता आकडा. हॉल्झमन आणि ब्रिजेट यांनी २०१७ साली विचलन आणि आत्मनियमन यांवरचे १२३ अभ्यास एकत्र तपासले. सहसंबंध निघाला ०.०९. त्याचा वर्ग करा: ०.००८१. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्काही विचलनावरून उलगडत नाही. संबंध शून्य नाही, संशोधकाला तो मोलाचा आहे. एका मुलीबद्दल निवाडा द्यायला मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही.

गोंधळाचे मूळ मला एका शब्दात दिसते. ठोक्यांनाही आपण ‘लवचीक’ म्हणतो आणि विचारांनाही. नाव एक असल्याने वस्तूही एकच वाटू लागते. मिनिटाला सहाच श्वास घ्या, आलेखावरच्या लाटा लगेच मोठ्या होतील. तेवढ्यात गणिताची नवी रीत सुचली असे काही होत नाही.

आणि त्या सपाट आलेखाला एक साधे कारणही असू शकते. बोटाला चिमटा लावला तेव्हा ती मुलगी चाळीस अनोळखी शिक्षकांसमोर उभी होती. व्हेगसचा लगाम सैल पडून नाडी धावू लागायला एवढे पुरते.