गोष्ट कुठे थांबवावी?

घरात रामकथा सांगणारी आजी बहुधा राज्याभिषेकाशी थांबते. अयोध्येत दिवे लागतात, मुले सुखाने झोपी जातात आणि उत्तरकांड उद्यावर पडते. तो उद्या पुष्कळदा उजाडतच नाही. मग आजीने मुलांना फसवले म्हणायचे काय? हा जुनाच प्रश्न यंदा एका जपानी चित्रपटाने माझ्यापुढे नव्याने उभा केला.

हायाओ मियाझाकी यांचा ‘वाऱ्याच्या खोऱ्यातील नाउसिका’ हा हाताने रेखाटलेला चित्रपट १९८४ साली प्रदर्शित झाला. मी तो माझ्या दहा वर्षांच्या नातीबरोबर पाहिला. महायुद्धाने जग जळून गेल्याला हजार वर्षे लोटली आहेत. विषारी अरण्य पसरत चालले आहे आणि त्यात ओमू नावाचे डोंगराएवढे किडे राहतात. माणसे अरण्य जाळू पाहतात. एका लहानशा खोऱ्याची राजकन्या नाउसिका मात्र तळघरात त्याच अरण्यातली रोपे वाढवते. स्वच्छ माती आणि विहिरीचे खोल पाणी मिळाले की ती रोपे विष सोडत नाहीत, हे तिला कळते. दोष रोपांचा नाही, माणसाने नासवलेल्या मातीचा आहे! शत्रूला मारण्यापेक्षा समजून घेणे हे शौर्य अधिक कठीण, ही गोष्ट व्याख्यान न देता सांगणारी चित्रे आपल्याला फारशी भेटत नाहीत. घाबरलेला लहानसा प्राणी तिच्या बोटाला कडकडून चावतो, तेव्हा ती हात मागे घेत नाही. त्या एका प्रसंगात सारी नाउसिका आली. ज्यो हिसाइशी यांचे संगीतही जिथे गप्प बसावे तिथे गप्प बसते.

शेवट मात्र मला सोपा वाटला. खवळलेल्या ओमूंपुढे नाउसिका प्राण देते, त्यांच्याच सोनेरी स्पर्शाने पुन्हा उठते, जुनी भविष्यवाणी खरी ठरते. इतका वेळ जी मुलगी आपल्या बुद्धीने चालली, तिच्या कष्टांचे श्रेय अखेरीस चमत्कार घेऊन जातो. माझी नात मात्र टाळ्या वाजवत होती. ‘आजोबा, आता सगळी माणसं चांगल्या हवेत राहतील ना?’ तिने विचारले. मी ‘हो’ म्हटले.

पुढे मूळ चित्रकथा हाती आली, आणि ते ‘हो’ मला बोचू लागले. मियाझाकी यांनी ती १९८२ साली एका मासिकात क्रमशः सुरू केली. चित्रपट आला तेव्हा कथा फारशी पुढे गेलीच नव्हती. ती पुरी झाली १९९४ साली, सात खंडांत. म्हणजे चित्रपट हा सात खंडांचा सारांश नव्हे. कथेचा शेवट लिहून होण्याच्या दहा वर्षे आधी तिच्या कर्त्यानेच घेतलेला तो एक विसावा आहे.

चित्रपटात शत्रू म्हणून उरलेली कुशाना ग्रंथात आप्तांनीच दगा दिलेली, सैनिकांवर जीव टाकणारी स्त्री होते. आणि अखेरीस नाउसिकेला कळते, की हे अरण्य जुन्या माणसांनीच जग शुद्ध करण्यासाठी निर्माण केले. एवढेच नव्हे, आजच्या माणसांचे देहही विषाशी जुळवून घडवले. अरण्याचे काम पुरे होऊन हवा निर्मळ झाली, तर ती हवाच या माणसांना मारील! असे सत्य पोटात घालून जगायचे आणि तरीही जगणे नाकारायचे नाही, हा ग्रंथाचा शेवट आहे.

तर मग चित्रपट खोटा काय? मला तसे वाटत नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे दाखवले. त्रेपन्नाव्या वर्षी अधिक दिसले, तेही लपवले नाही. आजीही राज्याभिषेकाशी थांबते ती फसवण्यासाठी नव्हे. ऐकणाऱ्याला झेपेल तेवढेच ती देते. खोटेपणा होतो तो उत्तरकांड नाहीच असे सांगण्यात.

म्हणून चित्रपट मुलांसह जरूर पाहावा. पण घरात ते सात खंडही असावेत. मी ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले आहेत. नातीचा हात अजून तिथे पोचत नाही. ज्या दिवशी पोचेल, त्या दिवशी माझे ते ‘हो’ मला परत घ्यावे लागेल. आणि ती ते समजून घेईल, अशी आशा मला तिच्या आवडत्या नाउसिकेनेच दिली आहे.