'आम्ही'मधील 'मी'

दलित स्त्रियांची आत्मकथने प्रस्थापित समीक्षेने एक तर गहिवरून वाचली, नाही तर भाषा रांगडी म्हणून बाजूला सारली. त्यांतून समाजाचे ज्ञान मिळते, हे मानायला ती तयार नव्हती. शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांनी ते मानले. त्या पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकवीत. दलित स्त्री वेगळे बोलते एवढे म्हणून दलितेतर स्त्रीवाद्यांची सुटका होत नाही, त्यांनी स्वतःला बदलले पाहिजे, हे त्यांनी १९९८ मध्येच मांडले होते. २००६ च्या 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार आदींची कथने लॅटिन अमेरिकेतील 'टेस्टिमोनिओ'च्या, म्हणजे साक्षीच्या अंगाने वाचली. साक्ष देणारी एकटी बोलत नाही, तिच्या तोंडून समूह बोलतो, हे त्यातील सूत्र.

'जिणं आमुचं'ला (१९८६) ते चपखल बसते. शीर्षकातच 'आमुचं' आहे. पळून जाणाऱ्या सुनेचे नाक कापले जाते, तेही त्यात आहे. फलटणच्या आपल्या दुकानात बसून बेबीताई लिहीत आणि नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून कागद लपवून ठेवीत. तो मारीत असे, हे मात्र पुस्तकात नाही. ते त्यांनी माया पंडित यांना मुलाखतीत सांगितले. ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेली आहे.

रेगे यांच्या ग्रंथानंतरचा हा पुरावा. त्यांना दोष देता येणार नाही. पण सूत्राला प्रश्न विचारलाच पाहिजे. समूहाची साक्ष म्हणून वाचायची सवय लागली, की एकटीने काय गिळले ते दिसेनासे होते. माझी आई शाळेत गेली नाही. ती कधी 'मला मारलं' म्हणाली नाही. 'आमच्या वेळी बाया मार खायच्या' म्हणायची. मी पदवीधर झालो, शिकवू लागलो, तरी त्या 'बाया' कोण हे तिला विचारले नाही. (धीर झाला नाही, हे खरे.) चळवळीत वाढलेल्या आम्हा पुरुषांना हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. ज्याच्यापासून कागद लपवायचे, तो माणूस गावकुसाबाहेरचाच, आपलाच.

वर्गात नाक कापल्याचा प्रसंग आला की मुली खाली बघतात आणि मुले म्हणतात, "सर, हे जुनं झालं." या सत्रात पुस्तक आणि मुलाखत शेजारी ठेवून वाचणार आहे. माझ्या हाती मुलाखत इंग्रजीतच आहे. फलटणच्या बाईचे बोलणे पुन्हा मराठीत आणायला बसलो आहे, निम्मे झाले.